वेईहाईहून परत

हमदने वडिलांच्या कपाळावर ओठ टेकले. मग दयानंदपुढे हात केला.

"पासपोर्ट."

मस्कत विमानतळाच्या दाराशी गर्दी होती. दयानंदने व्हीलचेअरची मूठ सोडली, शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढला आणि त्या हातावर ठेवला. हमदने तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. खिशात टाकला आणि म्हणाला, "यल्ला, चला, गाडी पुढे आहे." व्हीलचेअरमध्ये बसलेले अर्बाब सालेम दुसरीकडे बघत राहिले.

दयानंद वेंगुर्ल्याचा. मस्कतच्या गाला भागातल्या इंडस्ट्रियल एरियात अर्बाबांचं, म्हणजे त्याच्या मालकांचं, होड्यांच्या इंजिनांचं दुकान होतं, तिथे तो मेकॅनिक. अर्बाबांचे गुडघे गेले, साखर वाढली आणि कारभार मुलाच्या, हमदच्या हाती आला. तेव्हापासून दयानंदला घरी जाता आलं नव्हतं. ओमानच्या किनाऱ्यावरचे सहमपासून सूरपर्यंतचे मच्छीमार इंजिन बंद पडलं की त्याचंच नाव घेत येत. "हा एकदा गेला की परत येणार नाही," असं हमद सगळ्यांसमोर म्हणायचा. पासपोर्ट तिजोरीत असायचा. रजा मागितली की उत्तर ठरलेलं, "पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला."

गावी त्याच्या बायकोला, अनुसयाला काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेला होता, डाव्यात थोडा उजेड उरला होता. मोबाइलवर बोलताना ती पडदा इतका जवळ धरायची की दयानंदला तिचं नुसतं कपाळ दिसायचं. "डोळ्यांक दिसता हा तवसर येवा," ती म्हणाली होती. "मगे तुमका हातान चाचपून वळखूचा लागतला."

अशात अर्बाब एकाएकी हट्टाला पेटले. चीनमध्ये वेईहाई नावाच्या शहरात फायबरच्या होड्या बनतात, त्या स्वतः जाऊन बघायच्या. बरोबर दयानंदच हवा. हमद म्हणाला, "मी येतो ना." अर्बाब म्हणाले, "तुला इंजिनातलं काय कळतं?" शेवटी हमदने तिजोरी उघडली.

वेईहाईत होड्यांचं काम लवकर आटोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याची दुभाषी मुलगी त्यांना समुद्रकाठच्या बागेत घेऊन आली. ते शहर म्हणजे एकामागून एक बागाच होत्या. हिरवळ थेट पाण्यापर्यंत उतरलेली. पाइनच्या झाडांखाली नवऱ्यामुली पांढरे झगे सावरत फोटो काढून घेत होत्या. अर्बाब बाकावर बसले आणि म्हणाले, "दया, हिला विचार, मुंबईचं विमान कुठून मिळतं?"

"बीजिंगहून," मुलगी म्हणाली. "बीजिंगला इथून रोज विमान आहे."

"ऐकलंस?" अर्बाबांनी विचारलं. मग आपलं पैशांचं पाकीट त्यांनी त्याच्या हातात कोंबलं. "जा, ते समोरचं बेट बघून ये. मला आज तुझी गरज नाही. ही पोरगी सोडेल मला हॉटेलवर."

म्हातारा परीक्षा बघतोय, दयानंदला वाटलं.

बेटावर जुन्या लढाईचं संग्रहालय होतं. इंग्रजी पाट्या तो सावकाश लावून वाचत गेला. सव्वाशे वर्षांपूर्वी चीनचं आरमार याच खाडीत उभं होतं. बाहेर जपानी जहाजांनी वाट अडवली. किनाऱ्यावरचे किल्ले पडले आणि त्याच किल्ल्यांवरच्या तोफा खाडीतल्या जहाजांवर आग ओकू लागल्या. काही लहान नौका निसटायला निघाल्या. त्यातल्या बहुतेक पकडल्या गेल्या. काचेमागे त्या नौकांच्या छोट्या प्रतिकृती मांडल्या होत्या. दयानंद तिथून हलेना. त्याचा हात सारखा खिशावर जात होता. इतक्या वर्षांत पासपोर्ट पहिल्यांदाच त्याच्यापाशी होता.

परतीची बोट धक्क्याला लागली. एका टॅक्सीवाल्याने दार उघडून धरलं. त्याला येणारा एकच इंग्रजी शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "एअरपोर्ट? एअरपोर्ट?"

दयानंदने दाराला हात लावला. अनुसयाचं कपाळ डोळ्यांपुढे आलं. आत बसायचं, एवढंच तर होतं. पण संध्याकाळी अर्बाबांना इन्सुलिन कोण टोचणार? ती मुलगी तिच्या घरी निघून जाईल. परक्या मुलखात हा माणूस पलंगावरून एकट्याने उठूसुद्धा शकणार नाही. दयानंदला डेंग्यू झाला होता तेव्हा याच माणसाने त्याला चमच्याने भात भरवला होता.

त्याने टॅक्सीवाल्याला हॉटेलचं कार्ड दाखवलं.

खोलीचं दार उघडलं तेव्हा अर्बाब त्याच्याकडे बघतच राहिले. खूश होतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. विमानातही ते खिडकीकडेच तोंड करून बसले. दमले असतील, असं दयानंद धरून चालला.

गाडी गालाला दुकानासमोर थांबली. पासपोर्ट तिजोरीत ठेवायला हमद आत गेला. एसी चालू होता. मागच्या सीटवर दोघेच उरले.

"का आलास परत?" अर्बाबांनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की दयानंदला वाकावं लागलं.

"तुम्हाला एकटं सोडून कसा जाणार, अर्बाब? तुम्ही माझी परीक्षा घेताय, हे मला तेव्हाच कळलं होतं."

म्हाताऱ्याने त्याचं मनगट घट्ट धरलं. दुकानाच्या काचेतून हमद तिजोरीपुढे वाकलेला दिसत होता.

"परीक्षा कसली, वेड्या! इथे पोरापुढे माझं काही चालत नाही. तुला सोडायलाच तर एवढ्या लांब नेलं होतं."