नलबिनची मधली फळी

१९६४ सालची गोष्ट. ऑगस्टमधला, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातला शेवटचा शनिवार, हात-पाय दोन्ही चालणाऱ्या तिकडच्या फुटबॉलच्या हंगामातली शेवटची साखळी मॅच. मैदानात घोटाभर चिखल होता आणि मेलबर्नकडच्या नलबिन गावातल्या झाडून साऱ्या मोटारी तोंडं आत करून मैदानाभोवती उभ्या होत्या. आपल्या संघाने गोल केला की हॉर्न वाजवायचा, हीच तिथली टाळी.

लॉर्ना पॅस्को स्टिअरिंगमागे बसली होती. शेजारी मैत्रीण विनी, मांडीवर घोंगडी आणि थर्मास. मागच्या सीटवर लॉर्नाचे सासरे पर्सी. एके काळी याच चिखलात खेळलेले.

"अशी मधली फळी या गावाने कधी पाहिली नाही," पर्सी म्हणाले. "आमचा क्लेम उडी मारून चेंडू खाली ढकलतो, विनीचा पोरगा नेव्हिल तो उचलून पळतो. बाकीचे घरी झोपले तरी चालेल."

"यंदाचं पदक माझ्या नेव्हिलचंच," विनी म्हणाली. "सगळं गाव म्हणतंय."

"त्याचंच. फक्त हात आवर म्हणावं त्याला."

विनीने घोंगडी आणखी वर ओढली. ते पदक नुसत्या चांगल्या खेळाचं नव्हतं. प्रत्येक मॅचनंतर अंपायर तिघा खेळाडूंना गुपचूप मतं देत आणि हंगाम संपला की मोजणी होई. पण मारामारी करून ज्याच्यावर एकदा बंदी आली, त्याला मतं कितीही पडोत, पदक नाही. आणि नेव्हिलचं डोकं त्याच्या केसांसारखंच लालभडक.

लॉर्नाने समोर नवऱ्याकडे, क्लेमकडे पाहिलं. लोक पळणाऱ्याकडे बघतात, उडी मारणाऱ्याकडे कोण बघतं? पण ती हंगामभर अंपायरांकडे बघत आली होती, आणि ते क्लेमकडे बघत होते. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, क्लेमलासुद्धा नाही. चौतिशीचा झाला होता तो. दर शनिवारी सकाळी ती त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधून द्यायची. पुढच्या वर्षी तो गुडघा मैदानात उतरणार नव्हता. पंधरा वर्षं खेळून घरात एक चषक नव्हता की पदक नव्हतं. एकदा, एकदाच, त्याचं नाव मोठ्याने वाचलेलं तिला ऐकायचं होतं.

"बघ, बघ त्या डग्गीला!" विनीने काच खाली केली. डग्गी म्हणजे शेजारच्या गावचा बचावपटू, दुपारभर नेव्हिलला चिकटलेला. "मघापासून पोराच्या बरगडीत कोपर घालतोय! अहो अंपायर, चष्मा घरी विसरलात का?"

चेंडू पार पलीकडच्या टोकाला गेला, अंपायर त्याच्यामागे धावला. तेवढ्यात डग्गीने नेव्हिलच्या नाकावर कोपर हाणलं. नेव्हिलने हाताने रक्त पुसलं, हाताकडे पाहिलं आणि मूठ वळली. तिकडे शिट्टी वाजली. अंपायर परत वळत होता.

"नको रे राजा," विनी पुटपुटली. "नको, नको."

नेव्हिलची मूठ वर गेली आणि क्लेम मध्ये आला. दुसऱ्या क्षणी डग्गी चिखलात बसला होता.

आधी एक हॉर्न वाजला. मग सगळे वाजले. विनीने हात लांब करून लॉर्नाच्या गाडीचाही हॉर्न दाबून धरला. "शाब्बास रे क्लेम!" पर्सी हसता हसता खोकत होते.

अंपायर क्लेमच्या पाठीवरचा नंबर टिपून घेत होता.

"हात काढ, विनी," लॉर्ना म्हणाली.

"अगं, तुला काय झालं? दोन आठवड्यांची बंदी होईल, झालं. त्याचं काय जातंय?"

लॉर्नाने थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला आणि तो विनीला दिला.

सप्टेंबरात गावच्या सभागृहात मोजणी झाली. सर्वांत जास्त मतं क्लेम पॅस्कोला होती. ती वाचून झाल्यावर अध्यक्षांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "अपात्र." पदक नेव्हिलला गेलं. विनीच्या हातातलं सँडविच हातातच राहिलं. सभागृहात पहिली टाळी क्लेमने वाजवली.

पर्सी त्याच वर्षी नाताळात, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात गेले. नेव्हिलला मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबने नेलं. दोन हंगाम खेळला, मग गुडघा गेला आणि पुढे तो टायर विकत राहिला. विनीने त्या पदकाचा विषय लॉर्नाजवळ कधी काढला नाही. मात्र क्लेमच्या दर वाढदिवसाला, हात चालत होते तोवर, तिच्याकडून फ्रूटकेक आला. नलबिनमध्ये पोरं पुरेनाशी झाली, तेव्हा संघ डग्गीच्या गावच्या संघात मिसळला. डग्गीने नलबिनचीच मुलगी केली, दुधाची गाडी चालवली आणि म्हातारपणी क्लेमचा सोबती होऊन हिरवळीवर गोळे लोटायचा खेळ खेळला. चावताना त्याचा जबडा कट्कट् वाजायचा.

क्लेम २००३ मध्ये गेला. त्याच्या आदल्या हिवाळ्यात एकदा तो सिंकपाशी बटाटे सोलत उभा होता, तेव्हा लॉर्नाने शेवटी विचारलंच.

"नुसतं नेव्हिलला धरून ठेवता आलं नसतं का रे?"

क्लेमने सुरी थांबवून विचार केला.

"आलं असतं की," तो म्हणाला. "पण मग डग्गीला कोण मारणार होतं?"