चौदावा गडी

एलीची शवपेटी कॅफेच्या दारात दोन बाकांवर टेकवली. तेरा जणांच्या रग्बीत ज्याची हयात गेली, त्याला चर्चला नेण्याआधी इथं थांबवायचं आणि त्याच्या जर्सीनं पेटी झाकायची, ही आमच्या गावची रीत. एलीच्या पेटीवर गावच्या क्लबची पिवळी जर्सी घातली. फ्रान्सची निळी मात्र आत खिळ्यालाच टांगलेली राहिली. गावात निळी एकच होती, आणि ती फ्रान्सकडून खेळलेल्या फर्मांची.

"निळी मैदानात उतरलेल्यालाच," क्लबचा अध्यक्ष एस्कुदिए हळूच म्हणाला. "एली चौदावा होता. मी तरी काय करू?"

त्याचंही बरोबर होतं. त्या काळी सामना सुरू झाला की गडी बदलता यायचा नाही. तेरातला कुणी मोडला तर उरलेल्या बारांनी खेळायचं. चौदावा न्यायचा तो सकाळीच कुणी आजारी पडलं तर असावा म्हणून. एलीला फ्रान्सनं अकरा वेळा नेलं. लीड्सला नेलं, पॅरिसला नेलं, मार्सेयला नेलं. अकराही वेळा तो कोट घालून बाकावर बसला आणि गावात परत आला. द्राक्षमळ्यात छाटणी करताना आम्ही हटकून विचारायचो, "काय एली, कोट मळला का?" तोही हसायचा. आता ते आठवलं की लाज वाटते.

"राहू द्या," एलीची बायको ओदील म्हणाली. नवऱ्याचाच मफलर गुंडाळून ती वाऱ्यात उभी होती. "त्यानं कधी मागितली नाही."

तेवढ्यात फर्मां काठी टेकत बाहेर आला. खिळ्यावरची निळी जर्सी त्याच्या खांद्यावर होती. कुणाला काही न विचारता त्यानं ती पेटीवर पसरली.

"फर्मां, डोकं ठिकाणावर आहे ना?" एस्कुदिए पुढं झाला. "पेटीबरोबर ही पण मातीत जाणार. परत मिळायची नाही."

"ठाऊक आहे. जरा गप बस आणि ऐक." फर्मांला धाप लागली होती. "मार्सेयला ऑस्ट्रेलियाशी सामना होता. माझ्या दोन बरगड्या आदल्या रविवारीच गेल्या होत्या. प्रशिक्षकाला सांगितलं असतं तर त्या दिवशी एली उतरला असता. मी नाही सांगितलं."

"एलीला माहीत होतं?" ओदीलनं विचारलं.

फर्मांनं मान वर केली नाही. "पट्टी त्यानंच बांधली. संडासात, आतून कडी लावून. म्हणाला, श्वास सोड, अजून आवळतो."

सगळे ओदीलकडे बघत राहिले.

"मला म्हणायचा, नंबरच लागला नाही," ती म्हणाली. "चाळीस वर्षं हेच सांगत आला."

"माझ्यासाठी गप्प राहिला गं तो."

तिनं जर्सीला हात घातला. ही आता ती उचलून फर्मांच्या तोंडावर फेकणार, असंच मला वाटलं. फेकली असती तर कुणी अडवलं नसतं. पण वाऱ्यानं एक बाही सारखी उडत होती. ती तिनं धरली, पेटीच्या कडीखाली नीट खोचली आणि मागं सरली. मग तिला रडू आवरलं नाही.

खांदेकऱ्यांनी पेटी उचलली. एस्कुदिए फर्मांच्या जवळ आला. तो चिडलेला होता आणि त्याचेही डोळे भरलेले होते.

"आणि तुझ्या वेळी रे? तुझ्या पेटीवर आम्ही काय घालायचं?"

"काही नको," फर्मां म्हणाला. "मी खेळलोय."