सातवं कारण

एकोणनव्वद साली आमचं पूर्व जर्मनीचं सरकार नेमकं का पडलं, हे लिहायला म्युनिकहून एक प्राध्यापक लाइपझिगला माझ्या घरी आले. येतानाच सहा कारणं घेऊन आले होते बिचारे. मी म्हटलं, सातवं लिहून घ्या.

त्या सोमवारी संध्याकाळी मी पाव आणायला निघाले, तर रस्त्यावर सत्तर हजार माणसं! आमच्याकडे तेव्हा रीतच होती: रांग दिसली की आधी उभं राहायचं, काय मिळतंय ते मग विचारायचं. वर्षातून एखाद्या वेळी मिळणारी केळी आली असली तर? मी घुसले. पुढच्या बाईला विचारलं, "काय देतायत गं?"

"स्वातंत्र्य!"

"माणशी किती?"

कोपऱ्यावर पोलीस बंदुका घेऊन उभे. त्यांच्यात आमच्या वरच्या मजल्यावरचा लोथार. मला बघून पांढराफटक पडला.

"वहिनी, आधी घरी जा! गोळ्या घालायचा हुकूम कधीही येईल."

"वेडा की काय? एवढी रांग सोडून जाऊ?"

"पण मिळतंय काय?"

"स्वातंत्र्य म्हणे, ते काय असतं कुणाला ठाऊक! पण माणसं बघ केवढी. संपलं की मग बसशील हात चोळत."

लोथारनं साहेबाकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं. प्राध्यापकांच्या पुस्तकात आहे, त्या क्षणी पोलिसांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली. झाली असेल बाई. मला तर तो एवढंच म्हणाला, "वहिनी, माझा नंबर धरून ठेवा, बंदूक ठेवून आलोच."