पडद्याची पुढची बाजू

पडद्यावर ‘समाप्त’ उमटलं, की म्हातारा बुधा अजून गालात हसतो. तारापूरला अणुवीजघर उभं राहत होतं तेव्हा बोईसरजवळच्या मैदानात सिनेमाची गाडी यायची. गावकरी पडद्यापुढे सतरंजीवर बसत, पाड्यावरच्यांना पडद्यामागे धुळीत बसवत. बुधाची बायको भागी रात्रशाळेत नुकतीच वाचायला शिकली होती. “इथनं अक्षरं उलटी दिसतात,” ती कुरकुरली. “एकदा तरी सरळ वाचायची हायत.” दुसऱ्या दिवशी बुधा बाजारात गावच्या शेटच्या कानाशी लागला. “शेट, कोणाला सांगू नका. बदमाश पाठीमागं सुरा लपवतो ना, तो आमाला मागनं आधीच दिसतो.” संध्याकाळी शेटपाठोपाठ अख्खा गाव पडद्यामागे बसला. बुधानं भागीला सतरंजीवर मधोमध बसवलं. शेवटी तिनं बोट रोखून मोठ्यानं वाचलं, “स-मा-प्त.” पलीकडून शेट ओरडले, “बुध्या, सुरा दिसलाच नाही.” “जागा चुकली, शेट. उद्या डावीकडं बसा.”