आठ किलो

"सीट गरम कर. पाठ गारठली माझी."

"चढ संपू दे," ओड्वार म्हणाला. "विजेलाही पेट्रोल लागतं. ॲव्हरेजचा आकडा बिघडतो."

व्हॉसहून निघाल्यापासून गुन्वोर कुडकुडत होती. आपली गाडी दहा किलोमीटरला अर्धा लिटरसुद्धा पीत नाही, अशी शेजाऱ्याने फुशारकी मारली आणि सत्तरीच्या तिच्या नवऱ्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं. सकाळी पंपावर त्याने टाकी काठोकाठ भरली, आणखी थेंबभर मावावं म्हणून गाडी गदागदा हलवली, पुन्हा भरली आणि लिटरचा आकडा वहीत टिपला. आता मागे सात गाड्यांची रांग लागली होती आणि हा पठ्ठ्या पन्नासच्या वर जायला तयार नव्हता. हॉर्न कुणी वाजवत नव्हतं. त्यांच्या देशात तशी रीत नाही. पण आरशात त्यांचे चेहरे दिसत होते, आणि लाज गुन्वोरला वाटत होती.

पठारावर मे महिन्यातही रस्त्याच्या दोन्ही कडांना पुरुषभर बर्फ होता.

"थांबव. मागची घोंगडी काढते."

"थांबलं की पुन्हा वेग घ्यायला..."

"ओड्वार!"

तो थांबला. तिने डिकी उघडली. घोंगडी नव्हती. जादा चाक नव्हतं, जॅक नव्हता. तिने काल रात्री ठेवलेली लाकडी पेटीही नव्हती.

"पेटी कुठाय?"

"गॅरेजमध्ये. फालतू वजन सगळं उतरवून ठेवलं सकाळी. तुझी ती कपड्यांची पेटी तर आठ किलो भरली!" हे त्याने कौतुकानं सांगितलं.

पेटीत तिच्या आईने भरतकाम केलेला बुनाड होता, सणासमारंभाचा पारंपरिक पोशाख, चांदीच्या पिनांसकट. सबंध हिवाळा डोळे फोडून तिने तो नातीच्या, तिरिलच्या, मापाचा केला होता. उद्या अकराला ड्रामेनच्या चर्चमध्ये तिचं कन्फर्मेशन होतं, आयुष्यात एकदाच होणारा धर्मदीक्षेचा सोहळा.

"वजन केलंस," ती म्हणाली, "आणि झाकण उघडून बघितलं नाहीस?"

"मला वाटलं, जुनेपाने कपडे..."

"तिरिल काय घालणार उद्या? तुझी वही?"

"एखादा साधा फ्रॉक..."

तिने हात पुढे केला. त्याने किल्ली दिली. स्टिअरिंगमागे बसून तिने दोन्ही सीटा गरम केल्या, हीटरचा पंखा पूर्ण सोडला आणि गाडी वळवली. सवयीने ओड्वारचा हात मीटर शून्यावर आणायला गेला.

"हात लावू नकोस. शंभर किलोमीटर मागे, आणि पेटी घेऊन पुन्हा हाच घाट. आठ किलो जास्त. काढ आता तुझा आकडा."

त्याने वही मिटली. मग ड्रामेनला मुलीला, तिरिलच्या आईला, फोन लावला.

"पोचायला मध्यरात्र होईल आम्हाला," तो पुटपुटला.

"का हो बाबा? गाडी बिघडली की काय?" फोनमधला आवाज गाडीभर घुमला.

ओड्वारने वही समोरच्या कप्प्यात कोंबली.

"गाडीला काही झालेलं नाही गं," गुन्वोर म्हणाली आणि तिने गिअर बदलला.