दह्याची डबी

विमानतळाच्या दारात शिरताच जमिनीवर दोन हिरव्या रेघा उमटल्या, एक अन्वितापुढे आणि एक तिच्या आईपुढे. इथे रांगा नव्हत्या, धक्काबुक्की नव्हती. जो तो आपल्या रेघेवरून चालायचा आणि वेळेत पोचायचा.

अन्विता तीन वर्षांसाठी चालली होती. हातावर दही खरं तर घरीच घालायचं, पण तिच्या आईने, तेजश्रीताईंनी, डबी पिशवीतून आणली होती. आतल्या दाराशी दही घालताना त्या सांगणार होत्या, डॉक्टरांनी आपल्याला दिवाळीपर्यंतचीच मुदत दिली आहे. फोनवर हे त्यांच्याने बोलवलं नसतं.

"आई, माझी रेघ डावीकडे वळतेय."

"माझी उजवीकडे. पुढे भेटतील गं."

दारं आपोआप उघडत गेली, मागे मिटत गेली. शेवटचं उघडलं तेव्हा समोर ऊन होतं आणि परतीची टॅक्सी.

त्या मागे वळल्या. दारातून मऊ आवाज आला, "तुमच्या छातीच्या ठोक्यांवरून दिसत होतं, निरोपाला फार वेळ लागेल. तुमची मुलगी वेळेत विमानात बसली आहे."

टॅक्सीत बसल्यावर तेजश्रीताईंनी डबी उघडली आणि दही स्वतःच्याच तळहातावर घेतलं.