लग्नातली मागची माणसं

“ह्या फोटूत धुरळा कशानं उडालाय?” कोंडीबातात्यांनी विचारलं, आणि उदयसिंह घाईघाईनं पुढं सरकला.

“धुरळा नाही, तात्या. महागडी लेन्स आहे. पुढचा माणूस लखलखीत येतो आणि मागचं सगळं विरघळतं.”

“इरघळतं? आरं, मागं माझं पावणं व्हतं की.”

उदयसिंहाचा सोलापुरात फोटो स्टुडिओ. दिवाळीत ही लेन्स घेतल्यापासून गड्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. बायको वैजयंती त्याच्याबरोबर लग्नांचे फोटो काढायची, पण कॅमेऱ्यासोबत फुकट आलेल्या जुन्या लेन्सवर. लग्न म्हणजे काय नुसती नवरानवरी, असं ती विचारायची. तो म्हणायचा, तुला त्यातलं काय कळतंय, महाग ते महागच. आता मंगळवेढ्यात तात्यांच्या सोप्यात दोघांच्या फोटोंचे दोन गठ्ठे पडले होते. थोरल्या लेकीच्या, पिंकीच्या लग्नाचा अल्बम कुठल्या गठ्ठ्याचा करायचा, ते तात्या ठरवणार होते. महागडी लेन्स नापास झाली तर धाकटीच्या लग्नाचं काम हातचं जाणार होतं, आणि घरी जन्मभर बोलणी खावी लागणार होती ती वेगळीच.

तात्यांची बहीण दगडाबाई चष्मा पुसून पुढं वाकली. “मी कुटं हाय ह्यात?”

उदयसिंहानं एका हिरव्या डागावर बोट ठेवलं.

“नव्या लुगड्यात तीन तास हुबी व्हते, आन् तू माझा पालापाचोळा केलास व्हय रं?”

वैजयंतीनं आपला गठ्ठा पुढं केला. त्यात सगळं होतं. ओळीनं बसलेले पाहुणे होते, पंगत होती, अक्षता टाकायच्या सोडून पोराचं नाक पुसणारी मावशी होती. तात्यांचा चेहरा खुलला. “ह्येला म्हनायचं फोटू. ह्योच अलबम करा.” वैजयंतीनं नवऱ्याकडं एकदा बघितलं, तेवढंच. बोलली असती तर बरं, असं त्याला झालं.

तेवढ्यात दारात एकनाथ येऊन उभा राहिला. तात्यांचा धाकटा भाऊ, दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. लग्नपत्रिकेत त्याचं नाव तात्यांच्या मेव्हण्याच्या खाली छापलं गेलं, म्हणून हा पठ्ठ्या सख्ख्या पुतणीच्या लग्नाला आला नव्हता. दिवसभर घराला आतून कडी लावून बसला होता. त्याला दोन महिने झाले, भाऊ भावाशी बोलत नव्हता.

“आक्का, हितं लाइट हाय का बघाया आलतो,” ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं तो दगडाबाईला म्हणाला.

“हाय. बस, फोटू बघ,” दगडाबाई म्हणाली.

एकनाथनं वैजयंतीचे फोटो मांडीवर घेतले. सगळं गाव त्यात होतं. मेव्हणा तर प्रत्येक फोटोत होता. फोटो संपत आले तसा तो एकेक हळू उलटू लागला. पिंकीला लहानपणी जत्रा त्यानं खांद्यावर बसवून दाखवली होती, आणि तिच्या लग्नात तो कुठंच नव्हता. त्यानं गठ्ठा नीट रचून खाली ठेवला. उदयसिंहाला आपलं दुःख बाजूला ठेवून त्याचं वाईट वाटलं.

उठता उठता एकनाथचं लक्ष नापास गठ्ठ्याकडं गेलं. वरच्याच फोटोत पिंकी हसत होती, पापणीचा केस न् केस मोजावा इतकी साफ. तिच्या खांद्यामागं फेट्याचा एक केशरी डाग होता. एकनाथ त्या डागाकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं हळूच त्यावर बोट ठेवलं.

“ह्यो फेटेवाला... मीच की.”

उदयसिंहाला पक्कं ठाऊक होतं, तो बँडमधला सनईवाला होता. तो सांगायला तोंड उघडणार, तोच वैजयंतीनं त्याला असा चिमटा काढला की शब्द घशातच राहिला.

तात्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“तर काय, तूच. चुलत्याच्या जागंवर दुसरं कोन हुबं ऱ्हाईल?”

“आन् पंगतीत बुंदी कोन वाढत व्हतं मग?” दगडाबाईनं ठोकून दिलं.

एकनाथनं टोपी काढून तोंड पुसलं आणि भावाच्या शेजारी सतरंजीवर बसला. तात्यांनी वैजयंतीचे फोटो तिच्याकडं परत सरकवले. “पोरी, तुझं फोटू चांगलं हायती, पर ऱ्हाऊ देत.” मग ते उदयसिंहाकडं वळले.

“फोटूवाले, तुमचाच अलबम करा. माझा भाऊ लई साफ आलाय.”